कृष्णाकाठाने सायकलवर, वाई ते सांगली: तयारी, टप्पे आणि नेहमी होणाऱ्या चुका

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटर उंचीवर आहे, सांगली साडेपाचशेच्या आसपास. नकाशावर हे आकडे बघितले की वाटतं, नदी खाली जाते म्हणजे रस्ताही उताराचा. बहुतेकांचा दौरा फसतो तो इथेच. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरमध्ये पावणेदोनशे मीटरचा उतार पायाला जाणवतसुद्धा नाही. जाणवतात ते कृष्णेला मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांचे खळगे. रस्ता एकात उतरतो, पुलावरून जातो आणि पुन्हा टेकाडावर चढतो. असं दिवसभर चालतं. सातारा ते कराड या एका टप्प्यात अशी तीनचारशे मीटरची चढण सहज साचते.

दुसरी चूक हायवेची. सातारा-कराड हायवेने पन्नासएक किलोमीटर, म्हणून दोन दिवसांत सांगली गाठायचा बेत होतो. मग माहुलीचा संगम, रहिमतपूर, औदुंबर, हरिपूर सगळं बाजूला राहतं आणि ट्रकच्या वाऱ्यात सायकल सांभाळण्यातच दिवस जातो. इथे दिलेला क्रम चार दिवसांचा आहे. रोजचं अंतर मुद्दाम कमी-जास्त ठेवलं आहे, ते सारखं करायला जाऊ नका. सगळी अंतरं सुमारे आहेत. निघण्याआधी आपल्या मोबाईलवर मार्ग आखून त्याची चढण बघा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या.

## १. महिना आणि वेळ आधी ठरवा

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा योग्य काळ. त्यातही दोन भाग पडतात. दिवाळीच्या आगेमागे, ऊस गळीत जोमात यायच्या आधी, रस्ते मोकळे असतात आणि रान हिरवं असतं. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम, पण कराडच्या पुढे रस्त्यावर उसाची वाहतूक भरपूर. मार्चपासून सांगलीकडचं ऊन दुपारी सायकल चालवू देत नाही.

पावसाळ्यात हा मार्ग घेऊच नका. तरीही सप्टेंबरच्या शेवटी निघायचं असेल तर दोन गोष्टी रोज बघा: कोयना धरणातून किती विसर्ग सुरू आहे आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती आहे. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. पाणी इशाऱ्याकडे सरकू लागलं की त्याआधीच काठच्या गावांतले बुटके पूल आणि बंधारे पाण्याखाली जातात. तुमचा मार्ग नेमका तिथूनच जातो.

तारखा पक्क्या करण्याआधी यात्रा बघून घ्या. पौष पौर्णिमेला मांढरदेवीची यात्रा असते, तेव्हा वाईचे रस्ते भरून वाहतात. रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं. बगाड बघायचंच असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी सायकलचा टप्पा ठेवू नका.

तपासा: सूर्योदयाला निघून दुपारी एकच्या आत मुक्काम गाठता येईल, असा प्रत्येक दिवस आखला आहे का? नसेल तर टप्पा तोडा.

## २. सायकल: टायर, गिअर, ब्रेक

महागडी सायकल लागत नाही, पण ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचं टायर लागतं. २५-२८ मिलिमीटरचं रोडबाइकचं टायर सामानासह साखर कारखान्याच्या वाटेवरच्या खड्ड्यात गेलं की ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या कडेत चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ३५ मिलिमीटरच्या टायरला सामानासह मागे ६० ते ६५ आणि पुढे ५० ते ५५ पीएसआय हवा पुरे. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका.

गिअरचा हिशोब सोपा आहे. पुढचं सर्वांत लहान चक्र आणि मागचं सर्वांत मोठं चक्र यांचे दात निदान सारखे असावेत, म्हणजे ३४ ला ३४. मागचं मोठं असेल तर आणखी चांगलं. माउंटन बाइकला हे मिळतंच. पुढे ५०-३४ आणि मागे २८ असलेली सायकल रिकामी चालेल. दहा किलो सामान लादल्यावर ती पसरणीच्या घाटात गुडघे धरायला लावेल.

ब्रेक दुकानात देऊन तपासण्यापेक्षा स्वतः बघा. रिम ब्रेकच्या रबरावरच्या खाचा पुसल्या असतील तर रबर बदला. डिस्कचं पॅड काढून बघा. धातूची पट्टी सोडून वरचा थर दीड मिलिमीटरच्या खाली आला असेल तर नवं घाला आणि जुनं जोड म्हणून बरोबर ठेवा. हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी करू नका. नव्या केबली पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये ताणतात आणि गिअर उड्या मारू लागतो, म्हणून काम दोन आठवडे आधी करून शंभरएक किलोमीटर चालवून घ्या.

### काटा काढायची पद्धत

या पट्ट्यात पंक्चरचं पहिलं कारण बाभळीचा काटा. शेताच्या कुंपणाला लावलेल्या फांद्या ट्रॉलीला अडकून रस्त्यावर येतात. दुसरी ट्यूब घालून लगेच निघालात तर पाच मिनिटांत तीही बसते, कारण काट्याचं टोक टायरमध्ये तसंच असतं. बाहेरून दिसत नाही, आतून जेमतेम मिलिमीटरभर वर आलेलं असतं. म्हणून क्रम असा ठेवा:

1. चाक काढल्यावर टायरवरची एक खूण व्हॉल्व्हच्या रेषेत आहे का ते बघा. टायर बसवतानाच ही सवय लावा.
2. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा. ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते टायरवर मोजा. काटा त्याच जागी असतो, डावीकडे किंवा उजवीकडे.
3. टायरच्या आतून सुती फडकं फिरवा. बोट फिरवलं तर तार किंवा काच लागू शकते. जिथे फडक्याचा धागा अडकेल तिथे काटा.
4. बारीक चिमट्याने काटा आतल्या बाजूने ओढा. बाहेरून ढकलू नका, टोक आतच मोडतं.
5. फडकं पूर्ण फिरवून घ्या. एका फांदीचे दोन-तीन काटे एकदम लागलेले असतात.

गावोगावी पंक्चरवाला आहे, पण त्याचा पंप मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा असतो. तुमचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर दोन घ्या, एक हरवतोच. कॉम्प्रेसरने हवा भरून घेताना हात लावून बसा. ट्रकला हवा मारायची सवय असलेला माणूस दोन सेकंदात सायकलची ट्यूब फोडतो.

बरोबर हवंच: जोड ट्यूब दोन, पॅच आणि सोल्युशन, टायर लिव्हर तीन, चिमटा, छोटा पंप, ४-५-६ ची ॲलन की, चेन तोडायचं हत्यार आणि चेनची जोडकडी, गिअरचा हँगर (मागचा डिरेल्यर, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा, फ्रेमला जोडणारा तुकडा; आपल्याच मॉडेलचा, तो कुठल्याही गावात मिळत नाही), प्लास्टिकचे टाय दहा.

## ३. सामान: आठ किलोच्या वर नाही

मुक्काम लॉजवर असेल तर तंबू, स्वयंपाकाची भांडी काही लागत नाही. दोन जोड कपडे, रात्रीसाठी गरम कपडा, हत्यारं, औषधं, चार्जर, दिवे. पाठीवर सॅक घेऊ नका. पाठ घामाने भिजते, खांदे आखडतात आणि सगळा भार बैठकीवर येतो.

सामान मागच्या कॅरिअरवर दोन पॅनिअरमध्ये (दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्यांत) सारखं वाटा. जड वस्तू तळाला आणि आतल्या बाजूला, चाकाच्या आसाजवळ. कॅरिअरचे बोल्ट रस्त्याच्या थरथरीने सैल होतात. एक बोल्ट गळून पडला की कॅरिअर तिरका होऊन स्पोकमध्ये घुसतो. बसवताना बोल्टच्या आट्यांवर लॉकिंग द्राव लावा आणि रोज सकाळी हवा तपासताना चारही बोल्टना ॲलन की लावून बघा. यात अर्धा मिनिट जातो.

तपासा: सगळं सामान लादून घराजवळच्या स्पीडब्रेकरवरून नेहमीच्या वेगाने जा. पॅनिअरचा हूक उडाला तर आत्ताच आवळा. या मार्गावर प्रत्येक गावाच्या दोन्ही टोकांना बिनरंगाचे स्पीडब्रेकर आहेत.

## ४. पहिला दिवस: वाईतच, सामानाशिवाय

महाबळेश्वरला गाडीने सायकल नेऊन तिथून सामानासह खाली सुटायचं, हा बेत फार लोकप्रिय आहे. तो करू नका. न पारखलेले ब्रेक, कॅरिअरवर नवा भार, पहिलीच सकाळ आणि समोर पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला घाट, हे सगळं एकत्र येतं.

त्याऐवजी मुक्काम वाईत ठेवा आणि पहिल्या दिवशी रिकामी सायकल काढा. सकाळी मेणवली, तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट आणि तिथली मोठी घंटा बघून पुढे धोम. परत वाई. वीसएक किलोमीटरमध्ये सीटची उंची, गिअरचा आवाज, ब्रेकची पकड सगळं कळतं. घाटाच्या पायऱ्यांवर क्लिटचे (तळाला पायडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले) बूट घालून उतरू नका. शेवाळलेल्या दगडावर धातूची क्लिट बर्फासारखी घसरते.

पाय चांगले असतील तर पसरणीचा घाट याच दिवशी, पहाटे. वाईपासून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर आणि चढण साडेपाचशे मीटरच्या वर. म्हणजे सरासरी साडेचार ते पाच टक्के, फार उभी नाही, पण विसावा कमी. सुरुवातीचे दोन किलोमीटर मुद्दाम हळू घ्या. बोलता बोलता चढता येईल तोच वेग बरोबर. शनिवार-रविवारी आणि सलग सुट्ट्यांना हा घाट सोडून द्या.

### उतरताना

खरं कौशल्य उतरण्यात आहे. ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवला की रिम तापते, आतली हवा फुगते आणि ट्यूब फुटू शकते. डिस्क असेल तर पॅड भाजून गुळगुळीत होतं आणि पकड जाते. योग्य पद्धत अशी: वळणाआधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक एकत्र नीट दाबून वेग उतरवा आणि मग सोडा. वळणात ब्रेक नाही. आतल्या बाजूचं पायडल वर, बाहेरचं खाली आणि त्यावर वजन. नजर वळण जिथे संपतं तिथे.

इशारा: जळका वास आला किंवा लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागला की लगेच कडेला थांबा. दहा मिनिटं तसंच उभं राहा. डिस्कला बोट लावू नका, पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकडी होते.

## ५. दुसरा दिवस: वाई, लिंब, सातारा (सुमारे ४० किमी)

आज पहिल्यांदा सामान. अंतर कमी ठेवलं आहे ते यासाठीच.

वाईहून पाचवड फाट्याला या. तिथून लिंब फाट्यापर्यंत दहाएक किलोमीटर हायवे टळत नाही. जिथे सेवा रस्ता आहे तिथे तोच धरा, नसेल तिथे पांढऱ्या पट्टीच्या बाहेर एका रांगेत. उड्डाणपुलांवर रस्त्याचा खांदा (पांढऱ्या पट्टीबाहेरची कडेची जागा) अचानक संपतो, तिथे मागे बघून मगच आत सरका. दिवसाही मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवा. हा भाग सकाळी आठच्या आत उरका.

लिंब फाट्यावरून आत वळून बारा मोटांची विहीर. दगडी बांधकाम चांगल्या स्थितीत आहे, पण कठड्यावर चढून फोटो काढायचा मोह आवरा, पडलात तर खोल आहे. पुढे लिंब-गोवे बाजूच्या गावरस्त्याने नदीच्या जवळून वाढे फाट्याकडे येता येतं. लिंबमध्ये रस्ता विचारताना सायकल दाखवून "डांबरी आहे का?" असं नेमकं विचारा. "रस्ता आहे" याचा अर्थ ट्रॅक्टर जातो एवढाच असू शकतो.

साताऱ्याला दुपारपर्यंत पोचाल. उरलेल्या वेळात कास करायचा बेत करू नका. यवतेश्वरचा घाट धरून एका बाजूने पंचवीसएक किलोमीटर जायचं असतं, तो स्वतंत्र दिवस आहे. आज चेन पुसा, तेल घाला, कंदी पेढे घ्या (उद्याच्या वाटेवर खरोखर कामाचे आहेत) आणि लवकर झोपा.

## ६. तिसरा दिवस: सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड (सुमारे ७० किमी)

चारही दिवसांत हा सर्वांत कसाचा. घाट एकही नाही आणि म्हणूनच लोक फसतात.

उजाडताच निघून कोरेगाव रस्त्याने माहुलीला या. कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम इथे आहे. सातारा रेल्वे स्टेशनही शहरात नसून याच बाजूला आहे, हे रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पुढे कोरेगाव, तिथे पोटभर नाश्ता. इथून रहिमतपूर आणि मग तारगाव-मसूर मार्गे कराड. रस्ता पुण्याहून मिरजेला जाणाऱ्या रेल्वेच्या आगेमागे राहतो, त्यामुळे चुकलात तरी जवळचं स्टेशन विचारून ठिकाणावर येता येतं.

चढउतारांचं तंत्र: उतारावर पायडल थांबवून आराम करू नका, हलकं फिरवत राहा. पूल यायच्या आधीच दोन गिअर हलके करा. चढावर पोचल्यावर जोर लावत गिअर बदलला की चेन उडते किंवा हँगरवर ताण येतो. चढ संपला तरी वर आल्यावर लगेच जड गिअर नको, श्वास बसू द्या.

रेल्वेचे रूळ ओलांडताना सायकल रुळांना काटकोनात घ्या. रस्ता तिरका छेदत असेल तर मागे बघून आधी वळसा घ्या. रुळाच्या फटीत चाक गेलं की सामानासह आडवे व्हाल.

### पाणी आणि खाणं

तहान लागायची वाट बघू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट, तासाला अर्धा ते पाऊण लिटर. दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी. दुसरीसाठी प्रमाण: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, वर लिंबू. हे चमचे चहाचे. मीठ जास्त झालं तर मळमळतं, म्हणून अंदाजाने टाकू नका. दर तासाला एक केळं किंवा गूळ-शेंगदाणे. भाकरी-पिठलं मुक्कामावर. मध्येच भरपेट जेवलात तर मसूरपर्यंतची उंचसखल वाट जड जाते. उसाचा रस बिनबर्फाचा घ्या.

मसूरहून कराड पंधराएक किलोमीटर. विद्यानगरच्या बाजूने कृष्णा पूल ओलांडून शहरात. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. संध्याकाळी तिथे बसा, पण सायकल लॉजवर ठेवून चालत जा.

तपासा: दुपारी बारापर्यंत मसूर मागे पडलं नसेल, तर उद्याचा दिवस दोनात तोडायचा निर्णय आजच घ्या.

## ७. चौथा दिवस: कराड, ताकारी, पलूस, औदुंबर, सांगली (सुमारे ८० किमी)

अंतर सर्वांत जास्त, चढण सर्वांत कमी. तासगाव रस्ता धरून कार्वे, शेणोली, ताकारी, पलूस. पलूसपासून भिलवडीकडे वळा आणि पूल ओलांडून अंकलखोपच्या बाजूला औदुंबर. दत्ताच्या देवळात दर्शन घेऊन त्याच पुलाने परत या आणि वसगडे, नांद्रे करत सांगली गाठा. औदुंबराहून पलीकडूनच दिग्रज, सांगलीवाडी करत आयर्विन पुलावरून येता येतं, पण शेवटी सांगली-पेठ रस्त्याची वर्दळ लागते. थकलेल्या अंगाने ती नको.

### उसाची वाहतूक

कराडपासून सांगलीपर्यंत हाच खरा धोका. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. वळणावर मागची ट्रॉली पुढचीच्या वाटेने न जाता आतल्या बाजूने कापत येते. म्हणजे ट्रॅक्टर तुमच्यापासून हातभर लांबून गेला तरी दुसरी ट्रॉली अंगावर येते. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं हँडलच्या उंचीला असतात.

- ट्रॅक्टरचा वेग सायकलच्या जवळपास असतो, म्हणून त्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला चालवायचा मोह होतो. निदान वीस मीटर मागे राहा. मोळी सुटली तर ऊस थेट पुढच्या चाकात येतो.
- ट्रॉलीला धरून कधीच जाऊ नका.
- ओलांडायचं असेल तर सरळ रस्त्यावर, ड्रायव्हरच्या आरशात तुम्ही दिसल्यावरच. टेपच्या आवाजात त्याला घंटी ऐकू येत नाही.
- बैलगाडीला भरपूर जागा सोडून, पायडल न थांबवता जा. फ्रीव्हीलच्या टकटकीने बैल बुजतात.
- सांडलेल्या पाल्यावर ब्रेक नको, वळण नको.

इशारा, नदीसाठी: भिलवडी, औदुंबर या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. हातपाय धुवायला पाण्यात उतरू नका, बाटली भरायला काठावर वाकून बसू नका. देवळाच्या घाटावर गावकरी उतरतात तेवढीच पायरी.

इशारा, अंधारासाठी: कराड भागात उसाच्या फडात बिबटे राहतात आणि रात्री ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असं नाही. सूर्यास्तानंतर एक किलोमीटरही नाही. उशीर झालाच तर ताकारी, किर्लोस्करवाडी किंवा भिलवडी स्टेशनवरच्या फलाटावर थांबून पुढची सोय करा.

सांगलीत पोचल्यावर ताकद उरली तर सामान ठेवून हरिपूरला जा, तीन-चार किलोमीटर. वारणा इथे कृष्णेला मिळते. जायचं नसेल तर भडंग घ्या आणि पाय वर करून बसा.

## ८. परत येताना सायकल

एसटीच्या टपाच्या भरवशावर राहू नका, बहुतेक गाड्यांना आता टपावर सामान चढवायची सोय नाही. रेल्वेने न्यायची असेल तर सांगली किंवा मिरज गाठा. लहान स्टेशनांवर गाडी मिनिटभर थांबते, तेवढ्यात सायकल चढत नाही. पार्सल कार्यालयात गाडीच्या निदान दोन तास आधी जा आणि "लगेज" म्हणून नोंदवायची आहे असं स्पष्ट सांगा. लगेज तुमच्या तिकिटावर तुमच्याच गाडीने जातं, पार्सल केलं तर सायकल दोन दिवसांनी येऊ शकते.

नोंदणीआधी पॅनिअर, दिवे, बाटल्या, पंप काढून जवळ घ्या. पायडल काढा. डावीकडचं उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. जोर लावून उलटं फिरवलं तर क्रँकचे आटे जातात. हँडल सैल करून चाकाला समांतर वळवा, मागचा डिरेल्यर सर्वांत लहान चक्रावर आणा म्हणजे तो बाहेर कमी येतो. फ्रेमला पुठ्ठा गुंडाळून दोन ठिकाणी नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन मोठ्या अक्षरांत लिहा. पावती सायकलला न बांधता खिशात ठेवा, उतरल्यावर तीच दाखवून सायकल ताब्यात मिळते.